वाचनालयाचा डेटाबेस आणि जोडलेल्या टेबलांचे पत्ते

आमच्या तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचा डेटाबेस मी गेली नऊ वर्षे सांभाळते आहे. सभासदांची नोंद, वर्गणी आणि अनामत, दाखल नोंदवही, पुस्तकांची देवघेव आणि उशिराचा दंड एवढे सगळे त्यात आहे, आणि तो मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातील एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला विचारले, "आमची फाइल आता दोन भागांत करायची आहे. विझार्ड चालवला की काम झाले ना?" विझार्ड म्हणजे फाइलची विभागणी आपोआप करून देणारी ॲक्सेसमधील सोय, आणि तिचे काम दहा मिनिटांत होते हे खरे आहे. त्यानंतर जोडलेल्या टेबलांची व्यवस्था राखणे हे मात्र डेटाबेस चालू असेपर्यंत संपत नाही. ते मी ज्या प्रसंगातून शिकले तो प्रसंग आणि त्यानंतर बसवलेली पद्धत सविस्तर लिहून ठेवावी, असे त्यांच्याशी बोलताना वाटले.

ॲक्सेस १९९२ साली बाजारात आले. त्याच्या रचनेतील एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर पुढचे काहीच नीट उमगत नाही. एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालींमध्ये मागणी ऐकून उत्तर देणारा एक वेगळा प्रोग्रॅम सतत चालू असतो. ॲक्सेसमध्ये तसे कोणी नसते. सामायिक फोल्डरमध्ये फक्त एक फाइल असते, आणि प्रत्येक संगणकावरचे डेटाबेस इंजिन नेटवर्कवरून त्या फाइलची चार-चार किलोबाइटची पाने स्वतः वाचते व स्वतःच लिहिते. एकाच वेळी दोघांनी एकाच नोंदीला हात लावू नये यासाठीची शिस्त शेजारीच तयार होणाऱ्या एका छोट्या लॉक फाइलच्या साहाय्याने राखली जाते. त्या फाइलच्या नावाला 'एलएसीसीडीबी' हे शेपूट असते. जुन्या 'एमडीबी' फाइलींच्या काळात ते 'एलडीबी' असे होते. फॉर्म, अहवाल, कोड आणि नोंदी हे सगळे एकाच फाइलमध्ये ठेवून पाच जणांनी तीच फाइल उघडली, तर एका फॉर्मवरचे बटण हलवण्यासाठीही पाचही जणांना बाहेर काढावे लागते, आणि मध्येच एखाद्याचा संगणक बंद पडला तर धोका थेट नोंदींच्या फाइलला पोहोचतो. म्हणून नोंदींची टेबले बॅक एंड नावाच्या एका फाइलमध्ये सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात, आणि फॉर्म, क्वेरी (टेबलांना विचारलेला प्रश्न किंवा दिलेली आज्ञा), अहवाल, कोड यांची फ्रंट एंड फाइल प्रत्येक संगणकावर स्वतंत्र प्रत म्हणून देतात. विझार्ड हेच करतो. तो टेबले उचलून नव्या फाइलमध्ये नेतो, तिच्या नावाला शेवटी 'बीई' जोडतो आणि मूळ फाइलमध्ये त्या टेबलांच्या जागी जोडण्या ठेवून देतो.

ही जोडणी म्हणजे नेमके काय, हे मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना प्रत्येक वेळी प्रत्यक्ष दाखवते. फ्रंट एंडमध्ये ज्या टेबलाच्या नावाआधी बाण दिसतो, त्यात एकही नोंद नसते. तिथे बॅक एंड फाइलचा पूर्ण पत्ता असतो, त्या फाइलमधील मूळ टेबलाचे नाव असते, आणि स्तंभांची रचना शेवटच्या वेळी कशी आढळली याची आठवण असते. 'एमसिसऑब्जेक्ट्स' हे एरवी लपवलेले टेबल उघडले तर प्रत्येक जोडणीची ओळ दिसते. तिथे प्रकार १ म्हणजे याच फाइलमधील टेबल, ६ म्हणजे दुसऱ्या ॲक्सेस फाइलमधून जोडलेले टेबल आणि ४ म्हणजे ओडीबीसीमधून, म्हणजे दुसऱ्या डेटाबेस प्रणालीशी जोडून देणाऱ्या सोयीतून, जोडलेले टेबल. शेजारच्या 'डेटाबेस' स्तंभात पत्ता असतो आणि 'फॉरेननेम' स्तंभात मूळ नाव असते. प्रकार ६ च्या सगळ्या ओळी पत्त्यासह दाखवणारी एक साधी क्वेरी मी प्रत्येक फ्रंट एंडमध्ये ठेवते. आमच्याकडे तिच्यात १४ ओळी येतात. ही क्वेरी मी पहिल्या दिवसापासून ठेवली असती तर पुढचा प्रसंग घडला नसता.

चार वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात वाचनालयाने नवा संगणक घेतला आणि बॅक एंड त्यावर हलवायचे ठरले. सोमवारी वाचनालय बंद असते. त्या दिवशी मी बॅक एंडची फाइल नव्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये नकलून घेतली. जुनी फाइल जुन्या संगणकावर तशीच, त्याच जागी, त्याच नावाने राहू दिली, कारण काही बिघडले तर परत जाता यावे असे मला वाटले. जुना संगणकही चालूच ठेवावा लागणार होता, कारण प्रिंटर त्याला जोडलेला होता. मग मी एकेका संगणकावर जाऊन लिंक्ड टेबल मॅनेजर उघडला आणि टेबलांना नवा पत्ता दिला. आमच्याकडच्या तेव्हाच्या आवृत्तीत या खिडकीत टेबलांची एकच लांब यादी असे आणि प्रत्येक नावापुढे खूण करण्याचा चौकोन असे. चार संगणकांवर मी सगळ्यांवर एकदम खूण केली. देवघेवीच्या संगणकाकडे मात्र मंगळवारी सकाळी, समोर माणसे उभी असताना बसले आणि एकेका चौकोनावर खूण करत गेले. यादीत शेजारी-शेजारी असलेली 'दंड' आणि 'देवघेव' ही दोन नावे राहून गेली.

जुनी फाइल जागेवर नसती तर त्याच क्षणी ३०२४ क्रमांकाची चूक आली असती, म्हणजे फाइल सापडत नाही असा स्पष्ट निरोप मिळाला असता, आणि मी पाच मिनिटांत दुरुस्ती करून मोकळी झाले असते. जुनी फाइल जागेवर होती, उघडत होती आणि नोंदी स्वीकारत होती. सभासदांचे नाव नव्या फाइलमधून येत होते, पुस्तकाचे शीर्षक नव्या फाइलमधून येत होते, आणि देवघेवीच्या ओळी जुन्या फाइलमधून येत होत्या. नक्कल आदल्याच दिवशी केलेली असल्यामुळे दोन्ही फाइलींतली 'देवघेव' टेबले त्या सकाळी अक्षरशः एकसारखी होती. क्वेरीला आपली दोन टेबले दोन वेगळ्या फाइलींतून येत आहेत याने काहीच फरक पडत नाही. ती त्यांना बिनतक्रार जोडते. पडद्यावर सगळे जसे दिसायला हवे तसेच दिसत होते.

पहिली खूण तिसऱ्या दिवशी मिळाली होती, आणि ती मी वाचू शकले नाही. बुधवारी कार्यालयात नाव नोंदवलेल्या एका नव्या सभासदाला गुरुवारी पुस्तक देताना देवघेवीच्या संगणकाने ती नोंद घेण्यास नकार दिला. 'सभासद' टेबलात संबंधित नोंद असल्याशिवाय ही ओळ घेता येत नाही, अशा अर्थाचा ३२०१ क्रमांकाचा निरोप होता. खिडकीवरच्या सहायक मला म्हणाल्या, "ताई, नवीन सभासद अजून चढले नाहीत वाटतं." मी सभासदांचा फॉर्म उघडला, तर तो सभासद तिथे व्यवस्थित होता. मी फ्रंट एंड बंद करून पुन्हा उघडायला सांगितले, तरी तोच निरोप आला. गर्दी होती, म्हणून त्या सभासदाचे पुस्तक कागदावर लिहून ठेवले गेले. दोन दिवसांनी दुसऱ्या एका नव्या सभासदाच्या बाबतीत हेच झाले आणि तेही कागदावर गेले.

तो निरोप अगदी खरा होता. टेबलांमधील संबंधांचे नियम, म्हणजे सभासद असल्याशिवाय देवघेव नाही हा नियम, बॅक एंड फाइलच्या आत राहतात आणि त्याच फाइलमधील टेबलांपुरते पाळले जातात. फ्रंट एंडमध्ये रेषा ओढून तो नियम लावता येत नाही, आणि दोन वेगळ्या बॅक एंड फाइलींतील टेबलांमध्ये तर तो लावताच येत नाही. जुन्या फाइलमधील 'देवघेव' टेबलाने आपल्या शेजारच्या, जुन्या फाइलमधीलच 'सभासद' टेबलात पाहिले, आणि तिथे तो नवा सभासद खरोखरच नव्हता. मी नव्या फाइलमधील सभासद पाहत होते, नियम जुन्या फाइलमधील सभासद पाहत होता. नकार कोणत्या फाइलकडून येतो आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. तेव्हापासून, जे पडद्यावर दिसते आहे त्याच्याशी न जुळणारा नकार आला की मी सर्वांत आधी पत्ता तपासते.

उलगडा त्यानंतरच्या रविवारी झाला. देवघेवीच्या खिडकीवर रांग होती, म्हणून एक ज्येष्ठ वाचक शेजारच्या बालविभागात पुस्तके परत द्यायला गेले. बालविभागाचा संगणक म्हणाला की ही दोन पुस्तके कोणाला दिलेलीच नाहीत. "अहो, परवाच इथून नेली मी, शिक्का बघा ना," असे म्हणून त्यांनी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला कागद उघडून दाखवला. तिथे तारखेचा शिक्का स्पष्ट होता. मला फोन आला, मी जाऊन पाहिले, आणि अर्ध्या तासात दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडल्यावर सगळे कळले. मधल्या सहा कामाच्या दिवसांतील मुख्य खिडकीवरची एकूण एक देवघेव, सव्वादोनशेच्या आसपास ओळी, जुन्या फाइलमध्ये जाऊन बसली होती.

त्या ओळी नुसत्या उचलून नव्या फाइलमध्ये टाकता येत नव्हत्या. देवघेवीच्या प्रत्येक ओळीला ॲक्सेस आपणहून चढता क्रमांक देते, आणि नक्कल झाली त्या क्षणी दोन्ही फाइलींतील पुढचा क्रमांक एकच होता. मुख्य खिडकी जुन्या फाइलमध्ये ते क्रमांक वापरत गेली आणि बालविभाग नव्या फाइलमध्ये तेच क्रमांक वापरत गेला. त्यामुळे एकाच क्रमांकाखाली एका फाइलमध्ये एखाद्या आजोबांनी नेलेली कादंबरी होती, तर दुसऱ्या फाइलमध्ये एखाद्या मुलीने नेलेले गोष्टींचे पुस्तक होते. शिवाय 'दंड' टेबलातील ओळ कोणत्या देवघेवीची आहे हे त्याच क्रमांकावरून कळते.

सोडवणुकीसाठी जोडणीच्याच सोयीचा उपयोग झाला. मी दोन्ही फाइलींच्या प्रती काढून ठेवल्या आणि कामापुरते एक रिकामे फ्रंट एंड तयार केले. त्यात नवी 'देवघेव' आणि 'दंड' ही टेबले त्यांच्या नावाने जोडली, आणि जुन्या फाइलमधील तीच दोन टेबले नावाआधी 'जुने' असा शब्द लावून जोडली. जोडणीचे फ्रंट एंडमधील नाव आणि मूळ टेबलाचे नाव वेगळे असू शकते, ही सोय इथे मोलाची ठरली. नव्या 'देवघेव' टेबलात 'जुना क्रमांक' असा एक तात्पुरता स्तंभ वाढवला. मग नक्कल केल्यानंतरच्या तारखांच्या जुन्या ओळी, त्यांचा आपोआप मिळालेला क्रमांक वगळून, नव्या टेबलात जोडल्या, म्हणजे ॲक्सेसने त्यांना नवे क्रमांक दिले आणि जुना क्रमांक तात्पुरत्या स्तंभात राहिला. त्यानंतर दंडाच्या ओळी जोडताना जुन्या क्रमांकावरून नवा क्रमांक शोधून तो लावला. नक्कल करण्यापूर्वी दिलेली आणि त्या सहा दिवसांत परत आलेली पुस्तके हा वेगळाच गट होता. त्यांच्या ओळी दोन्ही फाइलींत आधीपासून होत्या आणि फक्त परतीची तारीख जुन्या फाइलमध्ये पडली होती, म्हणून तिथे ओळ न वाढवता तारीखच उचलायची होती. पुस्तकाची ओळख आम्ही दाखल क्रमांकावरून ठेवतो, आणि तो क्रमांक माणसाने नोंदवहीत लिहिलेला व पुस्तकावर छापलेला असतो, म्हणून पडताळणी शक्य झाली. सहायकांनी दोन दिवस परत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचा शिक्का पडद्याशी ताडून पाहिला. शासनमान्य वाचनालयाच्या वार्षिक अहवालात देवघेवीचे आकडे द्यावे लागतात आणि अनुदानाशी त्या अहवालाचा संबंध असतो. त्या आठवड्याचे आकडे गळाले असते तर ते वर्षअखेरीला कोणाच्या लक्षातही आले नसते, याची मला अजून धास्ती वाटते.

यानंतर मी पद्धत बदलली. सर्वांत महत्त्वाचा बदल असा की कोणत्याही संगणकावर बसून हाताने जोडणी बदलायची नाही. फ्रंट एंडची एक मूळ प्रत माझ्याकडे असते, पत्ता तिच्यातच बदलला जातो, १४ ओळींची क्वेरी चालवून सगळे पत्ते एकच आहेत हे पाहिले जाते, आणि मग ती प्रत सामायिक फोल्डरमध्ये ठेवली जाते. प्रत्येक संगणकावर डेस्कटॉपवरच्या चिन्हामागे एक छोटी बॅच फाइल आहे. ती मूळ प्रत स्थानिक डिस्कवर नकलून घेते आणि मगच उघडते. जोडण्या प्रतीबरोबर जातात, त्यामुळे पाच ठिकाणी पाच वेगळे पत्ते असण्याचा प्रश्नच राहत नाही.

दुसरा बदल बॅक एंडच्या आत आहे आणि तो मला सर्वांत जास्त उपयोगी वाटतो. तिथे 'ओळख' नावाचे एक टेबल आहे आणि त्यात एकच ओळ आहे: फाइलचे नाव, रचनेची आवृत्ती, कुठल्या तारखेपासून चालू, आणि स्थिती. स्थितीत 'चालू', 'सराव' किंवा 'बंद' यांपैकी एकच शब्द असतो. फ्रंट एंड उघडले की पहिला फॉर्म ही ओळ वाचतो. स्थिती 'चालू' नसेल किंवा आवृत्ती फ्रंट एंडला हवी असलेली नसेल तर तो पुढचा मेनू उघडतच नाही. फाइल सापडली की नाही एवढेच बहुतेक जण तपासतात, आणि मीही तेच करत होते. सापडलेली फाइल आपल्याला हवी असलेलीच आहे का, हे त्या फाइललाच विचारावे लागते. नवीन ठिकाणी नक्कल करण्याआधी मी जुन्या फाइलमधून सर्वांना बाहेर काढते, लॉक फाइल नाहीशी झाल्याची खात्री करते, नक्कल करते, जुन्या फाइलमधील स्थिती 'बंद' करते, आणि मग तिचे नाव बदलून तिला दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवते. राखीव प्रत कधीही कामाच्या पत्त्यावर ठेवायची नाही.

पहिल्या फॉर्ममागचा कोड लांब नाही. तो आधी ठरलेल्या पत्त्यावरची फाइल 'ओपनडेटाबेस'ने उघडून पाहतो. ती उघडली नाही तर जोडण्यांना हात न लावता थांबतो आणि तसे सांगतो. उघडली तर 'टेबलडेफ्स' या टेबलांच्या यादीतील एकेका टेबलाचा 'कनेक्ट' हा गुणधर्म वाचतो. स्थानिक टेबलांमध्ये तो रिकामा असतो, म्हणून ती सोडून देतो. उरलेल्यांमध्ये पत्ता वेगळा आढळला तर नवा पत्ता लिहून 'रिफ्रेशलिंक'ने जोडणी ताजी करतो. सुरुवातीला उघडलेली ती फाइल मी बंद करत नाही. एका सार्वत्रिक चलात, म्हणजे कोडमध्ये सगळीकडून वापरता येणाऱ्या नावाखाली, ती दिवसभर उघडी राहते. यामागे वेगाचे कारण आहे. अशी एक जोडणी कायम उघडी नसेल तर प्रत्येक फॉर्म उघडताना लॉक फाइल नव्याने तयार होते आणि बंद करताना पुसली जाते, आणि हा खटाटोप नेटवर्कवरून फार वेळ खातो. आमच्याकडे देवघेवीचा फॉर्म उघडायला लागणारा वेळ या एका बदलाने डोळ्यांना जाणवेल इतका कमी झाला. लॉक फाइल तयार करणे आणि पुसणे हे वापरणाऱ्याच्या नावाने होत असल्यामुळे, प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याचा व पुसण्याचा अधिकार द्यावा लागतो. फक्त बॅक एंडच्या फाइलवर लिहिण्याचा अधिकार पुरत नाही.

पत्ता कसा लिहावा याबद्दलही सांगायला हवे. 'झेड ड्राइव्ह' अशा अक्षरावर आधारलेला पत्ता मी आता वापरत नाही, कारण ते अक्षर त्या-त्या संगणकावरच्या त्या-त्या वापरकर्त्याचे असते, आणि दुसऱ्या कोणी लॉगिन केले की ते अक्षर नसते किंवा भलत्याच फोल्डरकडे नेते. दोन उलट्या तिरप्या रेषांनी सुरू होणारा, संगणकाचे नाव आणि सामायिक फोल्डरचे नाव असलेला पूर्ण पत्ता सगळीकडे एकच राहतो.

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी यात एक खास अडचण आहे. ॲक्सेसची टेबले, फॉर्म आणि अहवाल युनिकोड देवनागरी व्यवस्थित दाखवतात. आमचे सभासद, शीर्षके आणि टेबलांची नावेही देवनागरीत आहेत. व्हीबीए या ॲक्सेसच्या भाषेत कोड लिहिण्याची खिडकी मात्र युनिकोड जाणत नाही. तिथे अवतरणचिन्हांत देवनागरी अक्षरे लिहिली की त्यांची प्रश्नचिन्हे होतात. त्यामुळे सामायिक फोल्डरचे नाव 'वाचनालय' असे ठेवले तर लिंक्ड टेबल मॅनेजरमधून जोडणी सुरळीत होते, आणि तोच पत्ता कोडमध्ये लिहायला गेले की तो निरुपयोगी ठरतो. फाइल आहे का हे पाहणारे 'डिर' हे फंक्शनही देवनागरी नावांपुढे हार मानते. 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट' मात्र ती नावे ओळखते. मी यावर दोन उपाय केले. फोल्डरची आणि फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवली, आणि पत्ता कोडमध्ये न लिहिता फ्रंट एंडमधील एका स्थानिक टेबलात ठेवला. सूचनांसाठी 'मेसेजबॉक्स'ऐवजी छोटा फॉर्म वापरते, कारण मेसेजबॉक्समध्येही प्रश्नचिन्हेच उमटतात, आणि त्या फॉर्मवरचा मजकूरही टेबलातूनच येतो. खिडकीवर बसलेल्या व्यक्तीला 'ही फाइल बंद केलेली आहे' हे वाक्य तिच्या भाषेत दिसणे मला आवश्यक वाटते.

फाइल दोन भागांत करताना जुना कोड कुठे अडतो, हे कार्यवाहांनी मुद्दाम विचारले होते. 'सीक' ही नोंद शोधण्याची पद्धत जोडलेल्या टेबलांवर चालत नाही. आमच्या देवघेवीच्या फॉर्ममध्ये ती तीन ठिकाणी होती आणि विभागणीनंतर तिथे ३२१९ क्रमांकाची चूक येऊ लागली. अट घातलेल्या क्वेरीने तेच काम होते. संपूर्ण टेबल नेटवर्कवरून ओढले जाते अशी भीती अनेकांना वाटते, पण ज्या स्तंभावर अट आहे त्याला इंडेक्स, म्हणजे लवकर शोधण्यासाठीची सूची, असेल तर इंजिन इंडेक्सची थोडी पाने आणि लागणाऱ्या नोंदींची पाने एवढीच आणते. बॅक एंडमध्ये स्तंभ वाढवला तर जोडण्या ताज्या करून नवी मूळ प्रत द्यावी. जोडणी कायम ठेवून मूळ टेबलाचे नाव बदलता येत नाही. जोडणी काढून नव्याने करावी लागते. ही जोडणी काढताना लोकांचा हात थरथरतो, कारण 'डिलीट' हा शब्द दिसतो, आणि तिथे खरे तर फक्त पत्ता पुसला जातो. त्याच लोकांना मी जोडलेल्या टेबलावर नोंदी पुसणारी क्वेरी निर्धास्तपणे चालवताना पाहिले आहे, आणि त्या नोंदी मात्र बॅक एंडमधून कायमच्या जातात. बॅक एंडला संकेतशब्द लावला तर तो प्रत्येक जोडणीत वाचता येईल अशा साध्या स्वरूपात साठवला जातो, हेही जाणून असावे. फ्रंट एंडची प्रत ज्याच्या हाती आहे त्याच्यापासून तो संकेतशब्द काही लपवत नाही.

आमच्या कोषाध्यक्षांनी दोन वर्षांपूर्वी सुचवले होते की बॅक एंड इंटरनेटवरून सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवावे, म्हणजे त्यांना घरूनही हिशेब पाहता येतील. त्यांचा हेतू चांगला होता, तरी मी स्पष्ट नकार दिला. अशी सेवा संपूर्ण फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नकलते. एकाने कोणत्या पानाला हात लावला आहे हे दुसऱ्याकडच्या इंजिनाला कळत नाही, आणि दोघांनी लिहिले की दोन प्रती तयार होतात. सहा दिवस दोन प्रतींत काम झाल्याचा परिणाम मी पाहिला होता, आणि इथे ते रोज घडले असते. वायफायवरूनही मी कोणाला जोडू देत नाही, कारण पान लिहीत असताना जोडणी तुटली तर फाइल बिघडू शकते. घरून हिशेब पाहायचेच असतील तर टेबले एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेऊन ओडीबीसीने जोडणे हा योग्य मार्ग आहे, आणि तसे करताना प्रत्येक टेबलाला प्राथमिक किल्ली, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणारा स्तंभ, असलीच पाहिजे, नाहीतर ॲक्सेस त्या टेबलाकडे फक्त वाचण्यापुरते पाहते. आमच्या वाचनालयाला तूर्त त्याची गरज नाही. एका ॲक्सेस फाइलची मर्यादा २ जीबी आहे, आमचे बॅक एंड अजून तिच्या जवळपासही नाही, आणि सभासदांची छायाचित्रे मी फाइलीच्या बाहेर ठेवून आत फक्त त्यांची नावे ठेवते. एक काळजी मात्र घ्यावी लागते: फ्रंट एंड बंद होताना 'कॉम्पॅक्ट' होण्याची, म्हणजे फाइलमधील वाया गेलेली जागा काढून टाकण्याची, सोय लावली तरी तिचा बॅक एंडला काहीच उपयोग होत नाही. ते काम मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कोणीही आत नसताना, प्रत काढून वेगळे करते.

या वर्षी मे महिन्यात बॅक एंड पुन्हा एकदा हलवावे लागले. मंगळवारी सकाळी चार संगणक नव्या फाइलशी जोडलेले उघडले. संदर्भ विभागातील संगणक सुट्टीतील दुरुस्तीहून परतला होता आणि कोणीतरी त्यावर बॅच फाइलऐवजी फ्रंट एंडच्या एका जुन्या प्रतीचेच चिन्ह डेस्कटॉपवर ठेवले होते. जुनी फाइल मी त्या सकाळपर्यंत जागेवरून हलवलेली नव्हती. फक्त तिची स्थिती बदलली होती. त्या संगणकावर मेनू उघडला नाही. 'ही फाइल १२ मेपासून बंद केलेली आहे, ग्रंथपालांना सांगावे' हे वाक्य पडद्यावर आले, सहायकांनी ते वाचून मला बोलावले, आणि बरोबर चिन्ह ठेवून काम सुरू झाले. एकही नोंद भलत्या ठिकाणी गेली नाही. जुनी फाइल मी त्याच दिवशी दुपारी हलवली.

आता कोषाध्यक्षांचा लॅपटॉप तेवढा राहिला आहे. तो हिशेबतपासणीच्या वेळी वर्षातून दोनदाच वाचनालयात येतो आणि त्यावरचे फ्रंट एंड 'ओळख' टेबल येण्यापूर्वीचे आहे, त्यात झेड ड्राइव्हचा पत्ता आहे. कार्यवाहांना मी तीच प्रत दाखवणार आहे, कारण १४ ओळींची क्वेरी चालवल्यावर तिच्यात तीन वेगवेगळे पत्ते दिसतात, आणि ते पाहिल्यानंतर त्यांनी आपल्या वाचनालयातील पाचही संगणकांवर तीच क्वेरी चालवून मला उत्तर कळवायचे असे आमचे ठरले आहे.